विद्यापीठातलं ते भुयार नेमकं जातं कुठे?

रानजाई

भाचीला यंदा पुणे विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळालाय. मीही ९६ ते ९८ तिथेच होते, म्हणून मोठ्या रुबाबात "रविवारी चल, सगळं दाखवते" म्हणून बसले. रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, की जयकर ग्रंथालय, आमचा विभाग, हॉस्टेल आणि अनिकेत कँटीन सोडून मला त्या आवारातलं काहीही माहीत नाही. मुख्य इमारतीत दोन वर्षांत एकदाच गेले, तेही मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी. तिच्या मागे काय काय आहे, ते आजतागायत पाहिलेलं नाही.

भाचीचे प्रश्न आत्तापासूनच सुरू झालेत. विद्यापीठाला राजवाड्यासारखी इमारत कशाला? त्या भागाला गणेशखिंड म्हणतात, तर खिंड कुठली, गणेश कुठला? आणि मुख्य इमारतीखालचं ते प्रसिद्ध भुयार खरंच शनिवारवाड्यापर्यंत जातं का? आमच्या हॉस्टेलवर तर सगळ्या तसंच सांगायच्या. जाणकारांनी लाज राखावी.

सुतारपक्षी

जातं ना! माझे आजोबा शपथेवर सांगायचे. एक फाटा पर्वतीला जातो म्हणे.

खडकीकर

सुतारपक्षी, आजोबांना नमस्कार, पण हिशेब बसत नाही. शनिवारवाडा १८२८ साली जळाला. ही इमारत बांधायला घेतली १८६४ मध्ये. जळक्या वाड्याकडे जायला गव्हर्नर खडक फोडत कशाला जाईल? आणि मधे मुठा नदी आहे ना राव.

रानजाई, मी बांधकाम खात्यातला निवृत्त ओव्हरसिअर. जन्म खडकीतला, त्यामुळे तो मनोरा लहानपणापासून बघतोय. राजवाडा का, याचं उत्तर सोपं आहे. ती इमारत शिकण्या-शिकवण्यासाठी बांधलेलीच नाही. मुंबईच्या गव्हर्नरचं ते पावसाळी घर. त्या साहेबांचा मुक्काम थंडीत मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पाऊस लागला की पुण्याला. आधीचा बंगला दापोडीला होता. तो गव्हर्नर बार्टल फ्रियरला पुरेना. त्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आणि मुंबईत पैशाचा नुसता पूर. त्या तोऱ्यात हे काम निघालं. १८६५ ला युद्ध संपलं, कापूस कोसळला, मुंबईतल्या बँका बुडाल्या, पण गणेशखिंडीत खर्च चालूच. विलायतेतसुद्धा त्यावरून बोंबाबोंब झाली. गंमत म्हणजे काम पुरं झालं १८७१ मध्ये आणि फ्रियर १८६७ लाच पायउतार होऊन गेला होता. घर बांधून पाहावं म्हणतात ते हेच.

वास्तुकार जेम्स ट्रबशॉ. घाट इटालियन पद्धतीचा: गोल कमानी, लांब व्हरांडे, एका अंगाला उंच मनोरा. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसशी ताडून बघा, भावंडं वाटतात.

आता भुयार. ते आहे, पण घरच्या घरात. नोकरांनी पाहुण्यांच्या नजरेला न पडता ये-जा करावी म्हणून ते केलं, असं सांगतात आणि मला ते पटतं. मी जुने सरकारी बंगले पुष्कळ दुरुस्त केलेत. साहेबाची वाट पुढून, वाढप्याची मागून, भंग्याची आणखी तिसरी. लोकांना भुयार म्हटलं की राजा पळताना दिसतो, मला सुपाचं भांडं सांभाळत चाललेला बटलर दिसतो.

भाचीला भिंतीजवळ नेऊन दगड दाखवा. लांबून कुणीही बघतं. हात लावून बघितलं की छिन्नीचे टाके कळतात आणि दरजा, म्हणजे दोन दगडांमधले सांधे, कळतात. जुन्या कामात दरज चुन्याची. चुना ओल आत घेतो, उन्हं पडली की सोडून देतो. अशा दगडी भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या, तर ओल आतच कोंडते आणि पाच-सात पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. (हे मी नोकरीत घसा फोडून सांगत असे. असो.)

गणेश म्हणजे चतुःशृंगीच्या बाजूचा पार्वतीनंदन गणपती, खिंडीतला. खिंड आता रस्त्यात गेली, देऊळ आहे. आणि विद्यापीठ ते खडकी हा सगळा पट्टा म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७ चं रणांगण. बापू गोखल्यांची फौज गणेशखिंडीच्या अंगाला, इंग्रज खडकीकडून आलेले, आणि दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघतोय. मराठ्यांचे घोडे ऐन चालीत दलदलीत रुतले. शाळेत लढाई शिकवतात, चिखल सांगत नाहीत.

एक गोष्ट मात्र भाचीला नक्की सांगा. २२ जून १८९७ ला याच घरात राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झाली. ती आटोपून प्लेगचा अधिकारी रँड परत निघाला आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर "गोंद्या आला रे" झालं. चाफेकर सगळ्यांना माहीत असतात. पण रँडवर राग होता तो प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमाचा, आणि त्याच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई १० मार्चला गेल्या होत्या. दोन्हींत साडेतीन महिन्यांचंसुद्धा अंतर नाही. २०१४ मध्ये विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, २०२२ मध्ये मुख्य इमारतीपाशी पुतळा बसला. मी तिथे गेलो की आधी पुतळ्याकडे बघतो, मग मेजवानीच्या घराकडे.

पाऊलवाट

खडकीकरांनी १९४९ च्या आधीचं सगळं सांगितलं, पुढचं मी थोडक्यात उरकतो. विद्यापीठाचा कारभार सुरू झाला तो भांडारकर संस्थेतल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये, १ जून १९४९ पर्यंत तिथेच. कुलगुरू मुकुंदराव जयकर. तुमच्या ग्रंथालयाचे जयकर तेच. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांनी मनावर घेतलं म्हणून ४११ एकर मिळाले.

आयुका चुकवू नका. खगोलशास्त्राची १९८८ ची संस्था, पहिले संचालक जयंत नारळीकर, आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. मधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन आहेत. आत फुकोचा लंबक आहे, पृथ्वीचं फिरणं दाखवणारा. तो धीर धरून बघायचा, पाच मिनिटांत काही होत नाही. जाताना सी-डॅक या संगणक संस्थेकडेही बोट दाखवा, 'परम' महासंगणक १९९१ मध्ये तिथे झाला.

रानजाई

जाऊन आलो. पाऊस होताच. भुयार काही बघायला मिळालं नाही.

खडकीकर काका, तुमच्या सांगण्यावरून दगडांना हात लावले. भाचीने एक शोध लावला: शेजारशेजारच्या दोन दगडांपैकी एकावरचे टाके तिरके, दुसऱ्यावरचे उभे. "मावशी, ही दोन वेगळी माणसं असणार," म्हणाली आणि मग अर्धा तास ती बाई भिंत सोडीना. सगळी मिळून पाच तरी माणसं असावीत, असं तिचं मत आहे. बरोबर का?

आयुकात लंबकापुढे वीस मिनिटं उभे होतो. मला काही फरक दिसला नाही, तिला दिसला म्हणे.

खडकीकर

टाक्यांवरून माणूस ओळखता येतो, शंभर टक्के. आमच्याकडचे म्हातारे पाथरवट लांबून बघून सांगायचे हा दगड कुणी घडवला ते. कधी कधी एकच माणूस हात अवघडला की दिशाही बदलतो, तेवढं तिला सांगा. चार धरा.

सुतारपक्षी

ते सगळं ठीक आहे. पण भुयार मुठेच्या खालून गेलेलं असू शकतं ना?