मांजराचं नाव: आल्या दिवशी की पंधरा दिवसांनी?

गच्चीवरची
घरात मांजर आलं की त्याच संध्याकाळी नावाची घाई सुरू होते. मग एक तर मनी, माऊ, बोक्या, नाहीतर सिंबा, ओरिओ, कोको. माझं स्पष्ट मत आहे की यात त्या मांजराकडे कुणी नीट बघितलेलंच नसतं. पंधरा दिवस थांबा. ते कुठं झोपतं, पाहुणे आले की पलंगाखाली पळतं की त्यांच्या पिशवीत तोंड घालतं, रात्री कुणाच्या पायाशी येतं, हे बघा. नाव आपसूक तोंडात येतं.

आमच्याकडे चिमटी आहे. कपडे वाळत घालायला घेतले की ही बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून उभी राहते, एक चिमटा दातांत धरते आणि दिवाणाखाली नेऊन ठेवते. परत येते, दुसरा नेते. दिवाणाखाली झाडू घातला की चिमट्यांचा ढीग निघतो, सगळे प्लास्टिकचे. लाकडी चिमट्याला ती तोंड लावत नाही. मनी कुठल्याही मांजरीला म्हणता येतं, चिमटी हीच एक.

नाव दोन अक्षरी असावं, फार तर तीन. जिन्यात उभं राहून मोठ्यानं हाक मारता आली पाहिजे. आणि माणसांची नावं नकोतच. शेजारच्या काकूंचं नाव मांजरीला ठेवलं तर गॅलरीतून तिला रागवायचं कसं?

तुमचं काय मत?

रत्नागिरीकर
पूर्ण असहमत. ‘मनी’ म्हणजे दुर्लक्ष, हे कुणी सांगितलं? आमच्या घरात आजीच्या आधीपासून मनीच आहे. एक मनी गेली की तिच्या पोटची जी घरात राहिली, ती मनी. हे नाव घराचं आहे. मनीनं भाताच्या कणगीपाशी बसायचं, उंदीर राखायचे, रात्री चुलीच्या वैलावर उबेला यायचं. आई ताक करायला बसली की मनी हजर, तिची वाटी ठरलेली. आजी शेवटी शेवटी नातवंडांची नावं विसरायची, पण ‘मनी’ म्हणून हाक मारायची आणि जी कुठली मनी असेल ती जाऊन मांडीवर बसायची. रोज नवं नाव शोधणाऱ्या घरात हे होणार नाही.

बोक्याला मात्र आमच्याकडे नाव नसतं. तो चार घरं हिंडतो, कुणाचाच नसतो.

रात्रपाळी
दोघांनाही एकच सांगतो. मांजराला नाव-बिव काही कळत नाही. त्याला डब्याचं झाकण कळतं. नाव आपल्या हौसेसाठी, त्यावर पंधरा दिवस काय थांबायचं!

गच्चीवरची
@रात्रपाळी, दादा, हे खरं नाही. जपानमध्ये अत्सुको साइतो आणि सहकाऱ्यांनी हे तपासलंय, २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये छापून आलंय. मांजरांना त्यांच्या नावाएवढ्याच लांबीचे चार साधे शब्द एकामागून एक ऐकवले. हळूहळू त्यांनी लक्ष देणं सोडलं. पाचव्या वेळी त्यांचं नाव आलं आणि पुष्कळ मांजरांचे कान हलले, मान वळली. परक्या माणसाच्या आवाजातसुद्धा. उठून येत नाहीत, हे मान्य. पण न येणं आणि न कळणं यात फरक आहे.

रात्रपाळी
कान हलवणं म्हणजे नाव कळणं नव्हे. ‘हा आवाज आला की काहीतरी मिळतं’ एवढंच ते ओळखतं. ‘ही मी’ असं त्याला वाटतं, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

दवाखान्यातली
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरला असते. एका सकाळी तीन-तीन सिंबा लस घ्यायला येतात आणि फाइल शोधताना आडनावावरच जावं लागतं. त्यामुळे वेगळ्या नावाला माझा पाठिंबा.

पण नर की मादी हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाव ठरवू नका. लहान पिल्लात ते पटकन ओळखू येत नाही आणि मग ‘गोट्या’ला पिल्लं होतात. रंगावरून अंदाज बांधता येतो. काळा-पांढरा-केशरी असे तीन रंग असतील तर जवळजवळ नक्की मादी, कारण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. केशरी बहुतेक नर असतात, पण मादीही निघतात. म्हणून केशरी दिसलं की लगेच ‘राजा’ म्हणू नका.

दोन लेकींचा बाबा
माणसांची नावं नकोत, हे अजिबात पटलं नाही. बंड्या, चिंगी, सोन्या, ठमी ही घरातल्या पोरांचीच लाडाची नावं. आपण मांजरांना तीच देत आलोय आणि त्यात माया आहे. आमच्या धाकटीनं बोक्याला ‘बंडू’ ठेवलं, तो तिच्या दप्तरावर झोपतो. काकूंचं नाव टाळा, एवढं पुरे.

मीटरखोलीवाली ताई
तुम्ही सगळे घरातल्या मांजराबद्दल बोलताय. मी सोसायटीतल्या भटक्या मांजरांना खायला घालते, नसबंदीला नेते. माझ्याकडे पंधरा दिवस नसतात. खोक्यात पिल्लू सापडलं की त्याच रात्री घर शोधायला फोटो टाकावा लागतो आणि ‘पिल्लू क्रमांक दोन’ला कुणी फोन करत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, नाव ठेवू नका, जीव जडतो आणि ते गाडीखाली गेलं की आठवडाभर जेवण जात नाही. मलाही जात नाही. तरी मी ठेवते. बसायच्या जागेवरून ठेवते, म्हणजे वॉचमनकाकांनाही ओळखता येतं: मीटरखोली, टाकी, रिक्षा. नसबंदी झालेल्यांच्या कानाचं टोक कापलेलं असतं, पण त्यावरून कोण आणि कधी ते कळत नाही. माझ्या वहीत नावापुढे तारीख असते. आणि जे शेजारी ‘ती मांजरं हाकला’ म्हणायचे, तेच आता विचारतात, “मीटरखोली दोन दिवस दिसली नाही हो?”

गच्चीवरची
ताई, तुमच्या बाबतीत घाई रास्तच आहे. फोटोसाठी नाव ठेवाच. पण नव्या घरानं ते तसंच चालवावं असं मला वाटत नाही. काही दिवस जुनं आणि नवं जोडून हाक मारावी, मग जुनं सोडावं. आधीपासून घरात मांजर असेल तर दोन्ही नावांचे आवाज वेगळे ठेवावेत. चिमटी असताना चिंगी नको.

@रत्नागिरीकर, तुमच्या आजींचं वाचून छान वाटलं. पण एकाच वेळी दोघी मनी घरात राहिल्या तर?

रत्नागिरीकर
राहिल्यात की. थोरली मनी आणि धाकटी मनी. धाकटीला थोरलीच्या वाटीत तोंड घालू देत नाही.