बागेत एकत्र बसून मनातल्या मनात वाचायचं, तर मग घरी का नाही?

चाफा:
बंगळुरूच्या कब्बन पार्कात शनिवारी लोक सतरंजी आणि पुस्तक घेऊन झाडाखाली येऊन बसतात. वर्गणी नाही, ओळख करून द्यायची सक्ती नाही. २०२३ मध्ये याला चांगलाच जोर आला आणि मग पुण्या-मुंबईतही असे गट सुरू झाले. मी चार महिने दर रविवारी सकाळी आठला आमच्या भागातल्या बागेत अशाच गटात जातोय. घरी चौथ्या पानाला हात फोनकडे वळतो. तिथे आजूबाजूच्या दहा माना पुस्तकात असल्या की फोन काढायचाच संकोच वाटतो. प्रत्येक बागेत हे व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

माजघर:
याला एकत्र वाचन म्हणायला माझं मन तयार नाही. आमच्या गावी चातुर्मासात देवळात पोथी लागायची. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, मध्येच कुणी शंका काढायचं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण पांडवांची अख्खी कथा तिला तोंडपाठ होती. कारण कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं. तुमच्या बागेत माझ्या आजीनं काय करायचं? ज्याला वाचता येतं, ज्याच्याकडे पुस्तक आहे, त्याचीच ही सोय.

कृष्णाकाठ:
आमच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. हे आपोआप झालेलं नाही. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त मास्तर घरोघरी फिरले, तेव्हा गाव तयार झालं. बाग नसली तरी चालतं, वेळ सगळ्यांची एक हवी. आठवड्यातून एकदा बागेत येणारे बहुतेक आधीपासूनचे वाचणारेच असतात. ज्याच्या हातातून फोन सुटत नाही, तो तिथे येणारच नाही.

रातराणी:
रविवारी सकाळी आठला नळाला पाणी येतं, नाश्ता व्हायचा असतो. त्या वेळी बाईनं पुस्तक घेऊन बागेत जायचं म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उठायला हवं. आधी तेवढं जमवा, मग मी पहिली येईन.

चाफा:
रातराणीताई, हे खरं आहे. आमच्यात बायका कमी आहेत आणि त्याचं कारण आम्ही कधी विचारलंच नाही. वेळेचं या रविवारी सगळ्यांसमोर काढतो.
कृष्णाकाठ, मी आधीपासूनचा वाचणारा नाही. शाळा सुटल्यावर या चार महिन्यांत पहिल्यांदा दोन पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचली.
माजघरकाका, एक आजोबा रोज पेपर घेऊन शेजारच्या बाकावर येतात. बारीक टाईप आता दिसत नाही. गेल्या महिन्यापासून आमच्यातली एक मुलगी त्यांना अग्रलेख वाचून दाखवते. आता तिघं-चौघं तिथेच ऐकत बसतात, आणि अग्रलेख संपला की वाद होतो.

माजघर:
त्या बाकावर येईन. मुकाट्यानं बसायला मात्र नाही.

चाफा:
मागच्या फाटकाजवळ, बकुळीखाली. सतरंजी आणा, सकाळी गवत ओलं असतं.