गार्ड मिळाला तरच दवाखाना? तुरुंगातल्या बायकांच्या दुखण्याबद्दल

वैशाली, वकील
नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या एका गरोदर बाईला बाळंतपणासाठी ६ महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. मला हा निर्णय योग्य वाटतो. मी लीगल एडच्या (मोफत कायदेशीर मदतीच्या) कामासाठी एका कारागृहात जाते. तिथल्या एका बाईला चार महिने अंगावरून जातंय. तिने घडी घालून घालून फाटायला आलेला केसपेपर दाखवला. सोनोग्राफीच्या तीन तारखा, तिन्हींवर काट. कारण एकच: पोलीस गार्ड मिळाला नाही. अशा बाईलाही जामीन का मिळू नये?

अरविंद क.
मॅडम, माझ्या चुलतबहिणीने काही गुन्हा केला नव्हता. तरी बाळंतपणाला तीन दवाखाने फिरलो, रात्री दोनला खाट मिळाली. आधी तिची सोय करा. दुखणं दाखवून जामीन मिळतो म्हटल्यावर उद्या प्रत्येकीला काहीतरी होईल.

वैशाली, वकील
बहिणीचे हाल झाले ते वाईटच. पण तुम्ही तिला घेऊन तीन दवाखाने फिरू शकलात. हिच्या दाराला कुलूप सरकारचं आहे, किल्लीही सरकारकडेच. आणि गुन्हा म्हणाल तर ही कच्ची कैदी आहे, खटला उभाच राहिलेला नाही. २०२२ अखेर देशभरातल्या कैद्यांपैकी १०० मागे जवळपास ७६ जण कच्चेच होते.

शोभाताई (निवृत्त, कारागृह विभाग)
दोघांचंही थोडं चुकतंय. गार्ड पोलीस मुख्यालयातून येतो, आमच्या हातात नसतो. गणपती, निवडणूक, मोर्चा, काहीही असलं की माणसं बंदोबस्ताला जातात, आणि पहिली रद्द होते ती दवाखान्याची फेरी. कोर्टाची तारीख चुकली तर न्यायाधीश विचारतात. दवाखान्याची चुकली तर कोण विचारतं? त्यात दवाखान्यातून कैदी पळाली तर शिपाई निलंबित, म्हणून कुणी खुशीने जात नाही.

पण वैशाली, जामीन हा उपाय मला पटत नाही. ज्यांच्या मागे वकील उभा राहतो त्या सुटतील, बाकीच्या तिथेच कण्हत बसतील. आठवड्यातून एकदा बाईडॉक्टर आत आली पाहिजे, सोनोग्राफीचं मशीन घेऊन. आमच्याकडे बायका पुरुष डॉक्टरसमोर ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगायच्या, पुढचं गिळून टाकायच्या.

अरविंद क.
डॉक्टर आत पाठवायला माझी ना नाही. सोडायला आहे.

वैशाली, वकील
ताई, डॉक्टर आत यावी हे मान्य. २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालात सर्वोच्च न्यायालयाने गरोदर बायांची तपासणी, बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेर, हे सगळं सांगून ठेवलंय. पण मशीन येईपर्यंत हिने काय करायचं? चौथी तारीख मिळालीय, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची.

शोभाताई (निवृत्त, कारागृह विभाग)
त्या दिवशी गार्ड मिळणार नाही. रात्रभर विसर्जनाला उभी असलेली माणसं सकाळी कुठून आणणार? तू आजच कोर्टात अर्ज टाक.