नोकरी समाधानाची असताना दुसरीकडे मुलाखत द्यावी का? आपले अनुभव लिहावेत

गेली साडेसहा वर्षे मी एकाच सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचे (वापरकर्त्याला न दिसणाऱ्या, सर्व्हरच्या बाजूचे) काम करतो आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्यातील खोली सोडून रत्नागिरीजवळच्या गावी आलो आणि पुढे कंपनीने कायम घरून काम करण्याची लेखी परवानगी दिली. काम आवडते, सहकारी चांगले आहेत, पगार पुरतो. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या भरती विभागाकडून लिंक्डइनवर संदेश आला. त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही आणि तो मनातून जातही नाही.

बाबांनी टपाल खात्यात ३१ वर्षे नोकरी केली. त्यांच्या दृष्टीने दुसरीकडे मुलाखतीला जाणे म्हणजे पहिली नोकरी मनाने सोडलेली असणे. मला ते पूर्णपणे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. ज्यांनी चांगली नोकरी असताना मुलाखत दिली, किंवा विचारपूर्वक दिली नाही, त्यांनी पुढे प्रत्यक्ष काय घडले ते सविस्तर लिहावे, ही विनंती. कंपन्यांची नावे नकोत.

कुडाळहून, १२ वर्षांचा अनुभव

मी मुलाखत दिली आणि नापास झालो. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही, पण आपला प्रश्न वाचून लिहावेसे वाटले.

तेव्हा मला एकाच ठिकाणी पाच वर्षे झाली होती. पैशांच्या व्यवहारांचा ताळमेळ घालणारी प्रणाली मी सांभाळत होतो आणि संघात माझ्या शब्दाला मान होता. सात आठवडे मी पहाटे पाच ते सात अभ्यास केला. अल्गोरिदमची फेरी नीट पार पडली. दुसऱ्या फेरीत समोरच्या महिला अभियंत्याने माझ्याच कामाविषयी अगदी साधा प्रश्न विचारला: व्यवहाराचा तोच संदेश नेटवर्कमधील बिघाडामुळे दोनदा आला, तर ग्राहकाच्या खात्यातून पैसे दोनदा कापले जाणार नाहीत याची खात्री तुमची प्रणाली कशी देते? मला उत्तर देता आले नाही. आमच्याकडे ही काळजी दुसऱ्या संघाने लिहिलेल्या लायब्ररीत (तयार वापरायच्या कोडच्या संचात) घेतलेली होती. मी पाच वर्षे ती वापरत होतो, पण ती उघडून पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक देऊन तो आधी नोंदवायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवा व्यवहार न करता पहिलेच उत्तर परत पाठवायचे, एवढेच ते तत्त्व होते. पण मला ते त्या दिवशी तिच्याकडून कळले.

आठवडाभर मी फार अस्वस्थ होतो. नंतर वरिष्ठांना भेटलो आणि मुलाखतीचा उल्लेख न करता त्या लायब्ररीच्या संघात सहा महिने काम करू द्यावे अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. आज मी त्याच कंपनीत आहे आणि त्या संघाचे काम पाहतो. ती मुलाखत दिली नसती, तर मी समाधानाने त्याच जागी बसून राहिलो असतो आणि माझ्या ज्ञानात एवढे मोठे भगदाड आहे हे मला कळले नसते. त्या सात आठवड्यांत मात्र पहाटे उठत असल्यामुळे मी रात्री लवकर झोपत असे आणि मुलगी झोपण्यापूर्वी गोष्ट सांगण्याचा आमचा नेम मोडला, हेही तितकेच खरे आहे.

चिपळूणहून, ९ वर्षांचा अनुभव

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत आले होते. लॅपटॉप माळ्यावर ठेवल्यामुळे वाचला, बाकी काही उरले नाही. माझ्या तेव्हाच्या व्यवस्थापकांनी तीन आठवड्यांची पगारी रजा दिली, एकदाही कामाचे विचारले नाही आणि संघातील सर्वांनी मिळून घरासाठी पैसे पाठवले. त्यानंतर दुसरीकडे मुलाखत देणे मला कृतघ्नपणाचे वाटत असे आणि आलेला प्रत्येक संदेश मी न वाचता पुसून टाकत असे.

काही काळाने तेच व्यवस्थापक कंपनी सोडून गेले. निरोपाच्या फोनवर मी त्यांना पुराच्या वेळची आठवण सांगितली, तेव्हा ते म्हणाले की रजा त्यांनी त्यांच्या अधिकारात दिली होती आणि वरून त्यांना त्याविषयी प्रश्नही विचारले गेले होते. माझी कृतज्ञता त्या माणसाविषयी आणि संघाविषयी होती. मी ती कंपनीच्या नावे जमा करत होते. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने सुमारे १० हजार जागा कमी करण्याची घोषणा केली, तेव्हाही मी याच गोष्टीचा विचार करत होते.

त्यानंतर मी एक मुलाखत दिली. पगार ३५ टक्क्यांनी वाढत होता, पण आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीच्या कार्यालयात येण्याची अट होती. सासूबाई आणि मी वहीत हिशेब मांडला. पुण्यातील भाडे, मुलाची शाळा आणि दर पंधरवड्याचा प्रवास वजा केल्यावर वाढीतून फारसे काही शिल्लक राहत नव्हते. मी नकार कळवला. घरून काम करण्याची मुभा हा माझ्या पगाराचाच भाग आहे, हे तोवर आकड्यांत कधी मांडले नव्हते.

अलिबागहून

थोडक्यात लिहितो. मी केवळ पगारवाढीसाठी दुसरीकडून ऑफर आणली आणि ती दाखवून वाढ मिळवली. पैसे मिळाले, पण पुढच्या वर्षी नवा प्रकल्प सुरू झाला तेव्हा माझे नाव यादीत नव्हते, आणि का नव्हते हे मला कोणी सांगितले नाही. नोकरी चांगली होती. ती मी माझ्या हाताने बिघडवली. सोडण्याची तयारी नसेल, तर ऑफरचे पत्र वरिष्ठांपुढे ठेवू नका, एवढेच कळकळीने सांगतो.

सावंतवाडीहून, भरतीच्या बाजूचा अनुभव

मी दूरस्थ संघासाठी मुलाखती घेतो. एका उमेदवारामागे आमचे चार-पाच जण प्रत्येकी तासभर देतात आणि नंतर लेखी अभिप्राय लिहितात, म्हणून केवळ सरावासाठी शेवटच्या फेरीपर्यंत येणे मला योग्य वाटत नाही. पण समाधानी माणसाने येऊच नये, असे माझे मत मुळीच नाही. पहिल्याच फोनवर ‘मी सध्या समाधानी आहे, अमुक गोष्टी मिळाल्या तरच विचार करीन’ असे जो सांगतो, त्याच्याशी बोलणे सर्वांत सोपे जाते. खरा त्रास होतो तो ऑफर स्वीकारून, ९० दिवसांच्या नोटीस काळात आणखी तीन ऑफर जमवून, रुजू होण्याच्या दिवशी फोन न उचलणाऱ्यांचा. आणखी एक सूचना: ऑफर स्वीकारेपर्यंत भरती करणाऱ्यांनी आपल्या सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू नये, हे उमेदवाराने त्यांना लेखी कळवावे.

गुहागरहून

माझा अनुभव तारखांचा आहे. ऑफर आली तेव्हा मला चार वर्षे दहा महिने झाले होते. नवी कंपनी नोटीस काळाचे पैसे भरून मला महिन्याभरात बोलावत होती. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्यानुसार कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी) सलग पाच वर्षे सेवा लागत असे. मूळ पगार ४८ हजार असल्यामुळे पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने (दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून) पाच वर्षांचे सुमारे १ लाख ३८ हजार रुपये होत होते. मी पूर्ण ९० दिवस काम केले आणि ती रक्कम घेऊनच निघालो. भविष्य निर्वाह निधीही काढून न घेता नव्या खात्यात वर्ग केला.

देवगडहून, ७ वर्षांचा अनुभव

मी गेले नाही. मोहोर आल्यापासून मे महिन्यात शेवटची पेटी जाईपर्यंत आमच्या कलमांकडे पाहायला मी आणि आईच असतो, आणि सध्याच्या कामाच्या वेळा त्यात बसतात. नव्या जागी पहिले सहा महिने स्वतःला सिद्ध करावे लागते आणि ते सहा महिने माझ्याकडे नाहीत. मुलाखतीच्या तयारीला लागला असता तो वेळ मी डेटाबेसच्या अभ्यासाला दिला. पाच वर्षांनी माझे उत्तर वेगळे असू शकेल.

मूळ लेखक, रत्नागिरीहून

सर्वांचे मनापासून आभार. कुडाळचा अनुभव वाचून मी माझ्या प्रणालीतील, मला स्वतःला समजावून सांगता येणार नाहीत अशा भागांची यादी केली. ती अपेक्षेपेक्षा बरीच लांब झाली. नंतर कोणत्या तीन गोष्टी मिळाल्या तर मी खरोखर सोडीन ते कागदावर लिहिले आणि भरती विभागाला उत्तर पाठवताना त्या स्पष्ट कळवल्या. कायम घरून काम ही त्यातली पहिली. त्यांनी तरीही बोलण्याची तयारी दाखवली.

मंगळवारी दुपारी तीन वाजता पहिला फोन आहे. काल रात्री बाबांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मंगळवारी आपल्याकडे दुपारची वीज जाते, तर शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरवर बसायचे त्यांना आजच सांगून ठेवू का?