तारकर्लीत रात्रीचं जेवण: बुफे की थाळी?

मदत हवी आहे. डिसेंबरात आम्ही सात जण तारकर्लीला चाललोय. रिसॉर्टवाले म्हणतात रात्रीचा बुफे आधीच बुक करा, माणशी 650. मला मात्र मालवणात जाऊन थाळी खायचीय. तव्यावरून थेट ताटात आलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी! बुफेतल्या माशांचा धसकाच घेतलाय मी. गेल्या वर्षी एका हॉटेलात झाकण उघडलं तर बांगड्याचा रवा वाफेने भिजून सुटलेला, खाली नुसतं तेल.

पण घरची मंडळी! सासऱ्यांचे गुडघे दुखतात, ताट घेऊन रांगेत उभं राहणं जमत नाही. उलट धाकट्याला साडेसातला वरणभात समोर लागतो, थाळीसाठी ताटकळला की रडारड ठरलेली. त्यात पहिली रात्र सोमवारची, सासूबाई त्या दिवशी मासे शिवतही नाहीत. (नवऱ्याचं मत विचारू नका, त्याला कोंबडी-वडे मिळाले की झालं.)

सोमवारी बुफे आणि मंगळवारी मालवण, असं एकाच रात्रीचं बुकिंग रिसॉर्टवाले देतात का? आणि मालवणात शाकाहारी थाळीही नीट मिळेल, खुर्ची-टेबल असेल अशी खानावळ कुठली? सुट्टीच्या गर्दीत किती वाजता पोचावं?