६.५ क्रीडमूर रायफलीसाठी मझल ब्रेक कोणता घ्यावा?

प्रश्न (इंदूर)
टेक्सासमध्ये राहणारा माझा धाकटा भाऊ लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठी ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल जुळवून घेत आहे. बॅरल २४ इंची असून तोंडाशी ५/८-२४ चे (५/८ इंच व्यास, इंचाला २४) आटे आहेत. मी पीथमपूरच्या टूलरूममध्ये उभी हयात लेथवर काढली, म्हणून बॅरलच्या तोंडावर बसवायचा, धक्का कमी करणारा मझल ब्रेक कोणता घ्यावा हे तो मला विचारतो. बंदुकीतले मात्र मला फारसे कळत नाही. नमुना पाहून इथेच बनवून पाठवावा, असेही मनात आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर
दादा, बनवून पाठवण्याचा विचार आधी सोडा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात आणि परवान्याविना निर्मिती हा गुन्हा आहे.

गोळी बाहेर पडताच तिच्यामागून सुटणारा वायू ब्रेकमधल्या आडव्या पडद्यांवर आदळून बाजूंना वळतो, आणि त्या आदळण्यानेच रायफल पुढे ओढली जाऊन खांद्यावरचा धक्का कमी होतो. म्हणजे काडतुसातली दारू जितकी जास्त, तितका ब्रेक उपयोगी. क्रीडमूरमध्ये १४० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे माप) गोळीमागे साधारण ४० ग्रेन दारू असते; .२२ एलआर या छोट्या काडतुसात ४० ग्रेनच्या गोळीमागे जेमतेम एक-दोन ग्रेन, त्यामुळे तिथे ब्रेक निव्वळ शोभेचा. या स्पर्धांत तो मुख्यतः खांदा वाचवण्यासाठी लावत नाहीत. गोळी कुठे लागली हे दुर्बिणीतून स्वतःला दिसावे, म्हणजे पुढची दुरुस्ती लगेच करता येते, यासाठी लावतात. तेव्हा धक्का सर्वाधिक कमी करणाऱ्या ब्रेकपेक्षा बॅरलचे तोंड जागचे न हलू देणारा ब्रेक निवडावा. खालच्या बाजूला छिद्रे नकोत, कारण पालथे पडून मारताना धूळ उडून काहीच दिसत नाही.

दुसरे उत्तर
वरील मताशी सहमत; मात्र कंपनीपेक्षा बसवणी महत्त्वाची. ब्रेकचे छिद्र गोळीच्या व्यासापेक्षा साधारण ०.०२० इंच मोठे असते. क्रीडमूरची गोळी ०.२६४ इंचाची असल्याने .३० इंची गोळ्यांसाठीचा ब्रेक चालतो, पण वायू पुढून निसटून परिणाम घटतो. छिद्र बोअरशी (बॅरलच्या आतल्या पोकळीशी) समकेंद्री नसेल तर गोळी घासते आणि गट फाटतो, म्हणजे गोळ्या विखरून लागतात. चेपणारा वॉशर वापरू नये, तो सम दाबत नाही. मागे जॅम नट (ब्रेक जागी पक्का आवळणारा नट) असलेला ब्रेक घ्यावा, म्हणजे छिद्रे हवी तशी फिरवून आवळता येतात. बसवल्यावर नेम पुन्हा जुळवावाच लागेल. आवाज मात्र भयंकर वाढतो, आणि तो शेजारच्या नेमबाजाला अधिक लागतो, त्यामुळे कानांत बोळे घालून वर कान झाकणारे मफही हवेत.

आपल्याकडच्या मुलांनी हे वाचून मोहात पडू नये, म्हणून जाता जाता सांगतो: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल स्पर्धांत मझल ब्रेकला मनाई आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. समकेंद्रीपणाचे लगेच पटले. भावाला जॅम नटचा, ६.५ साठीच छिद्र पाडलेला ब्रेक घ्यायला आणि तो बसवल्यावर, गोळी झाडण्यापूर्वी बोअरमध्ये सरळ दांडा घालून तपासायला सांगतो.