मदत हवी आहे: कोलंबोच्या कॅसिनो रिसॉर्टमधली नोकरी

मंडळी, मी खानापूरचा, भाचा पणजीत मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर कामाला आहे आणि आता एक एजंट त्याला कोलंबोला नेतो म्हणालाय. तिथं श्रीलंकेची जॉन कील्स कंपनी आणि मकाऊत कॅसिनो चालवणारी मेल्को, या दोघांचं सिटी ऑफ ड्रीम्स हे रिसॉर्ट ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, खर्च एक अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे जागा मोठी आहे त्यात शंका नाही. पण हा माणूस टुरिस्ट व्हिसावर चल, कामाचं परमिट तिथं काढू म्हणतोय, वर दोन लाख आधी! नियमानं एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. बहीण दागिने मोडायला निघालीय, लई काळजी लागलीय. तिथं कुणाचं कोण काम करतंय काय? ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी वेबसाइटवर, एजंटचं लायसन कसं बघायचं, थेट कंपनीत अर्ज कसा करायचा, सांगा की.